‘स्वभावाला औषध नाही’ म्हणण्याआधी हा स्वभावच आहे का, ते तपासा



‘स्वभावाला औषध नाही’ ही म्हण आपण सगळे लहानपणापासून ऐकत आलो आहोत. आजचा लेख या म्हणीविरुद्ध आहे. म्हण खोटी आहे असं मी म्हणत नाही. ती भलत्याच माणसांना चिकटवली जाते आणि त्यापायी त्यांचे उपचार वर्षानुवर्षं राहून जातात, हे माझं दुखणं आहे.

माझ्यासारख्या जनरल फिजिशियनकडे लोक येतात ते बीपी, शुगर, थायरॉईड, पित्त अशा तक्रारी घेऊन. तपासून होतं, औषधं लिहून होतात आणि उठता उठता बरोबर आलेली बायको किंवा मुलगा हळूच म्हणतो, “डॉक्टर, यांच्या तोंडासाठी पण काहीतरी द्या. कधी काय बोलतील त्याचा नेम राहिलेला नाही.” पेशंट मान खाली घालून बसलेला असतो. मी पुढे काही विचारणार, तोवर बोलणाराच विषय मिटवतो, “जाऊ द्या, स्वभावाला काय औषध!”

बघा, इथे काय झालं. निदान झालं, ते घरच्यांनीच केलं आणि त्यावर उपचार नाही हेही त्यांनीच ठरवलं. थायरॉईडच्या बाबतीत असं कोणी करतं का? “हिचा थायरॉईड म्हणजे हिचा स्वभावच आहे” असं म्हणून कोणी गोळी नाकारत नाही. पण बिघाड मूडमध्ये असला आणि तो जिभेवाटे बाहेर पडला, की तपासणीची गरजच कुणाला वाटत नाही.

निम्हान्सने २०१५-१६ मध्ये केलेल्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात बायपोलर आजार असलेल्या दर १० जणांपैकी सुमारे ७ जण उपचारांपासून दूर असल्याचं दिसलं. डॉक्टर कमी, खर्च जास्त, लोकलाज मोठी, ही कारणं आहेतच. पण घराघरात दिला जाणारा ‘स्वभाव’ हा शेरासुद्धा त्यातलंच एक कारण आहे, असं माझं स्पष्ट मत आहे.

स्वभावाला तारीख नसते, आजाराला असते

अशा वेळी मी सगळ्यात आधी एकच प्रश्न विचारतो, “हे कधीपासून?”

“लग्न झाल्यापासून असेच आहेत, बाहेरही असेच, घरीही असेच,” असं उत्तर आलं तर तो फटकळ स्वभाव असू शकतो. पण “मागच्या दिवाळीपासून”, “बाळंतपणानंतर”, “मधले सहा महिने अगदी छान गेले, आता परत सुरू झालंय” अशी उत्तरं आली की मी कान टवकारतो. स्वभाव वर्षानुवर्षं साधारण एकाच पट्टीत राहतो. मूडचा आजार लाटांसारखा येतो आणि जातो. शिवाय तो एकटा येत नाही. झोप, भूक, ताकद, पैशाचे व्यवहार, सगळंच बरोबर बदलतं.

अशा आजारात बोलणं हाताबाहेर जाण्याचे मुख्यतः तीन प्रकार मला दिसतात.

पहिला उन्मादाचा, म्हणजे मेनियाचा. लोकांना वाटतं मेनिया म्हणजे आनंदाने उड्या मारणं. प्रत्यक्षात पुष्कळ पेशंट आनंदी नसतात, भयंकर चिडलेले असतात. रात्री तीन तास झोपून सकाळी ताजेतवाने, बोलण्याचा वेग वाढलेला, डोक्यात दहा योजना, आणि मध्ये कोणी “जरा थांबा” म्हटलं की भडका. ही अवस्था सलग ४ दिवस टिकली तर सौम्य उन्मादाचा आणि ७ दिवस टिकली तर पूर्ण मेनियाचा विचार डॉक्टर करतात. दवाखान्यात भरती करण्याइतकं बिघडलं तर ७ दिवस मोजत बसत नाहीत.

दुसरा नैराश्याचा. नैराश्य म्हणजे कोपऱ्यात बसून रडणं, एवढंच चित्र आपल्या डोक्यात असतं. पण अनेकांचं, विशेषतः पुरुषांचं नैराश्य चिडचिडीच्या रूपात बाहेर येतं. आमटीत मीठ कमी पडलं, मुलाने रिमोट घेतला, एवढ्यावर तोंडातून नको ते जातं. पाच मिनिटांनी तोच माणूस बाथरूममध्ये जाऊन रडतो. हे रडणं घरच्यांना दिसत नाही. त्यांना फक्त शिवी ऐकू आलेली असते.

तिसरा प्रकार लोक लाजेने सांगतच नाहीत. माणूस एकटा असतो, भांडी घासत असतो किंवा गाडी चालवत असतो. दहा वर्षांपूर्वीचा एखादा अपमान, स्वतःची एखादी चूक अचानक आठवते आणि तोंडातून मोठ्याने शब्द निसटतो. कधी स्वतःलाच दिलेली शिवी, कधी “मेलो तर बरं”. मग आपणच दचकतो, कोणी ऐकलं तर नाही ना म्हणून बघतो. “मला वेड लागतंय का?” या भीतीने पेशंट हे वर्षानुवर्षं लपवतात. अशी कडवट आठवण डोक्यात घुसणं आणि त्यासरशी शब्द बाहेर पडणं अधूनमधून निरोगी माणसांतही दिसतं. नैराश्यात ते वाढू शकतं. याला वेड म्हणत नाहीत. पण हे रोज होत असेल तर डॉक्टरांना सांगायलाच हवं. न लाजता सांगा, आम्ही हसत नाही.

शब्द निसटतो म्हणजे होतं काय?

“तोंड स्वतःचं, जीभ स्वतःची, मग ताबा का नाही?” हा प्रश्न मला नेहमी विचारला जातो. त्याचं उत्तर तुमच्यापैकी काहींनी घरातच पाहिलं असेल.

पक्षाघातानंतर वाचा गेलेले आजोबा आठवा. “पाणी” म्हणता येत नाही, बायकोचं नाव घेता येत नाही, पण चिडले की शिवी मात्र स्वच्छ बाहेर येते. लोक म्हणतात, “म्हातारा बोलत नाही, पण शिव्या बऱ्या येतात!” हे नाटक नसतं. फ्रान्समधले डॉ. पॉल ब्रोका यांनी १८६१ साली अशाच एका रुग्णाची नोंद केली. तो फक्त ‘तान’ एवढाच उच्चार करू शकत असे, पण संतापला की एक शपथवजा शिवी त्याच्या तोंडून निघे. विचार करून वाक्य जुळवणं आणि भावनेच्या भरात शब्द फुटणं, ही दोन्ही कामं मेंदू अगदी एकाच वाटेने करत नाही.

भावनेचा शब्द आतून उसळतो आणि मेंदूचा पुढचा भाग त्याला ब्रेक लावतो. तुमच्या-माझ्या डोक्यातही दिवसभरात कितीतरी शब्द येतात, ब्रेकमुळे ते बाहेर पडत नाहीत. झोप कमी झाली, दारू प्यायली, की हा ब्रेक सैल होतो हे सगळ्यांना माहीत आहे. मेनियात ब्रेक सैल होतो आणि आतला जोरही वाढतो. नैराश्यात मेंदू इतका थकलेला असतो की ब्रेक दाबायला ताकद उरत नाही. अशा माणसाला “तोंड आवर” म्हणणं म्हणजे दमा उसळलेल्याला “नीट श्वास घे” म्हणण्यासारखं आहे. सल्ला चुकीचा नाही, पण त्याने काहीच होत नाही.

इथे एक फरक सांगतो. टुरेट सिंड्रोम नावाचा एक वेगळा आजार आहे. फ्रेंच डॉक्टर जॉर्ज जिल द ला टुरेट यांनी १८८५ साली अशा ९ रुग्णांचं वर्णन केलं. तो लहानपणी सुरू होतो. डोळे मिचकावणं, मान झटकणं, घशातून आवाज येणं हे झटके येतात आणि थोड्या रुग्णांत शिव्याही बाहेर पडतात. त्यात राग असेलच असं नाही, शिंक यावी तसा शब्द येतो. त्याचे उपचार वेगळे आहेत. म्हणून आपल्या मनाने नाव ठेवू नका, निदान डॉक्टरांना करू द्या.

आता ‘औषध नाही’ या दाव्याबद्दल. ऑस्ट्रेलियातल्या डॉ. जॉन केड यांनी लिथियम हा साधा क्षार मेनियाच्या रुग्णांना दिला आणि १९४९ साली त्याची माहिती प्रसिद्ध केली. वर्षानुवर्षं रुग्णालयात राहिलेल्या, आरडाओरडा करणाऱ्या रुग्णांमध्ये त्यांना सुधारणा दिसली. आज इतक्या वर्षांनंतरही लिथियम बायपोलरचं महत्त्वाचं औषध आहे, आणि आता इतरही औषधं आहेत. या माणसांनाही कधीकाळी ‘स्वभावाने तसाच’ म्हटलं गेलं असेल. एका क्षाराने जे शांत होतं, त्याला स्वभाव कसं म्हणायचं?

“साहेबासमोर बरा गप्प बसतो!”

हा आक्षेप मला प्रत्येक घरातून येतो, आणि तो टाळण्यासारखा नाही. “ऑफिसात एक शब्द बोलत नाही, घरी आल्यावरच बरं तोंड सुटतं. म्हणजे ताबा आहे ना?”

थोडा वेळ ताबा ठेवता येणं म्हणजे कायम ताबा असणं नव्हे. खोकला आपण कीर्तनात दहा मिनिटं दाबतो, बाहेर आल्यावर उबळ दुप्पट येते. दिवसभर नोकरीत शब्द गिळणारा पेशंट संध्याकाळी घरी पोचतो तेव्हा रिकामा झालेला असतो. शिवाय माणूस जिथे सुरक्षित असतो तिथेच सैल पडतो. आणि मेनिया पूर्ण चढला की तो साहेबालाही सोडत नाही. नोकऱ्या जातात त्या तशाच.

पण या आक्षेपात सत्याचा एक भागही आहे. कोणी फक्त बायकोलाच बोलत असेल, तिने घाबरून गप्प राहावं म्हणून बोलत असेल, वर्षाचे बारा महिने तेच चालत असेल आणि नंतर पश्चात्तापाचा लवलेश नसेल, तर त्याला आजाराचं पांघरूण घालू नका. तो छळ आहे. २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार प्रतिबंधक कायद्यात शाब्दिक आणि मानसिक छळही धरलेला आहे. मूडचा आजार असलेल्या प्रामाणिक पेशंटांचं सगळ्यात जास्त नुकसान कोणी केलं असेल, तर आजाराचं नाव पुढे करून मुद्दाम छळणाऱ्यांनी.

दुसरं टोकही तितकंच चुकीचं

काही घरांत उलटं होतं. “आजारी आहे बिचारी, बोलू दे.” सून, मुलं, कामवाली बाई सगळे मुकाट ऐकत राहतात. हे प्रेम वाटतं, पण यात पेशंटचंच नुकसान आहे. लोक हळूहळू दूर होतात, मुलं त्या खोलीत जाईनाशी होतात, आणि बरं वाटल्यावर पेशंटला आपण एकटे पडलोय हे कळतं.

मी माझ्या पेशंटना सरळ सांगतो. निसटलेल्या शब्दाचा दोष तुमच्यावर नाही. पण त्या शब्दाच्या आधी काय केलं आणि नंतर काय केलं, याची जबाबदारी तुमची आहे. आजार आपण निवडत नाही. गोळी बंद करायची की नाही, हे मात्र बऱ्याचदा आपणच ठरवतो.

पेशंटने काय करायचं?

*आधी.* झोप हे तुमचं पहिलं औषध. ठरलेल्या वेळी झोपा, ठरलेल्या वेळी उठा. लागोपाठ दोन रात्री झोप कमी झाली आणि तरीही उत्साह वाटतोय, तर डॉक्टरांना फोन करा, तिसऱ्या रात्रीची वाट बघू नका. दारू बंद. बरं वाटतंय म्हणून गोळ्या स्वतःहून थांबवू नका. लिथियम अचानक सोडलं तर आजार जोराने उलटू शकतो. लिथियम चालू असेल तर रक्तातली पातळी, किडनी आणि थायरॉईड यांच्या तपासण्या वेळेवर करा. पातळी तपासायचं रक्त शेवटच्या गोळीनंतर १२ तासांनी देतात, हे लॅबमध्ये सांगा. आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक अशा वेदनाशामक गोळ्या मेडिकलमधून परस्पर घेऊ नका, त्यांनी लिथियमची पातळी वाढते. जुलाब-उलट्या झाल्या तरी ती वाढू शकते, लगेच डॉक्टरांना कळवा.

*त्या वेळी.* भडका उडायच्या आधी शरीर खूण देतं. कान गरम होतात, जबडा आवळतो, आवाज चढतो. आपली खूण कोणती ते ओळखा. शांत असताना घरच्यांशी एक शब्द ठरवून ठेवा, उदाहरणार्थ “मी गच्चीवर जातोय”. तो शब्द म्हटला की कोणी अडवायचं नाही, कोणी मागे यायचं नाही. आणि रात्री मोबाईल बाजूला ठेवा. तोंडून गेलेला शब्द विरून जातो, रात्री दोन वाजता नातेवाइकांच्या ग्रुपवर लिहिलेला मजकूर जात नाही. त्याचे स्क्रीनशॉट पुढच्या लग्नापर्यंत फिरतात.

*नंतर.* माफी मागा, पण एकदाच आणि नेमकी. “काल मी तुला सगळ्यांसमोर तसं बोललो ते चुकलं” एवढं पुरे. दिवसभर “मीच वाईट, मीच नालायक” म्हणत राहिलात तर समोरच्याला तुमचीच समजूत काढत बसावं लागतं आणि तुमचं नैराश्यही वाढतं. मग वहीत चार ओळी लिहा: किती वाजता, आदल्या रात्री झोप किती, गोळी घेतली होती का, कशावरून झालं. महिन्याभरात तुम्हालाच त्यातला क्रम दिसेल. ती वही डॉक्टरांना दाखवा, आमच्यासाठी ती रिपोर्टइतकीच मोलाची असते.

घरच्यांनो, एक वाक्य आजपासून बंद करा

ते वाक्य म्हणजे “गोळी घेतलीस का?”

औषधाची आठवण करणं चांगलंच. पण हे वाक्य कधी म्हटलं जातं ते आठवून बघा. सुनेने आपलं मत मांडलं, ते पटलं नाही, की “गोळी घेतलीस का आज?” नवऱ्याने रास्त कारणाने आवाज चढवला, की “अहो, गोळी घेतलीत ना?” म्हणजे आता त्या माणसाला खरा राग यायचाही हक्क उरला नाही. त्याची प्रत्येक तक्रार म्हणजे लक्षण! गोळीचा असा टोमणा झाला की पेशंट गोळीचाच तिरस्कार करायला लागतो. आठवण करायचीच तर ठरलेल्या वेळी, साध्या आवाजात करा. भांडणात गोळी आणू नका.

ही नुसती भावनेची गोष्ट नाही. लंडनमध्ये जॉर्ज ब्राउन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गेल्या शतकाच्या मध्यापासून रुग्णालयातून घरी गेलेल्या मनोरुग्णांचा अभ्यास केला. ज्या घरांत टीका, वैर किंवा अति काळजी जास्त, तिथे आजार जास्त वेळा उलटला. सुरुवातीचं हे काम स्किझोफ्रेनियावरचं होतं, पण नैराश्य आणि बायपोलरमध्येही पुढे तसंच आढळलं. तुमचे टोमणेही पेशंटच्या तब्येतीवर परिणाम करतात.

भडका उडालेला असताना वाद घालू नका, “का बोललास?” विचारू नका. शब्दाने शब्द वाढतो. आवाज खाली ठेवा, मुलांना दुसऱ्या खोलीत न्या, आणि बोलायचं ते दुसऱ्या दिवशी बोला. पण बोला मात्र नक्की.

तपासणी कुठून सुरू करायची?

तुमच्या नेहमीच्या डॉक्टरांपासून सुरू करा. कारण प्रत्येक भडका मूडच्या आजाराचाच असतो असंही नाही. थायरॉईड वाढलेला असला, इन्सुलिन घेणाऱ्याची शुगर उतरली, तरी माणूस असाच वागतो. दम्यासाठी किंवा सांध्यांसाठी पोटात घ्यायची स्टिरॉइड्स, फिटसाठीचं लेव्हेटिरासिटाम यांनीही चिडचिड होऊ शकते. बायपोलर असताना फक्त नैराश्याची गोळी दिली गेली तर काही जणांत उन्माद भडकतो. म्हणून चालू असलेल्या सगळ्या औषधांची पिशवी बरोबर आणा. आयुष्यभर मवाळ असलेला माणूस पन्नाशी-साठीनंतर पहिल्यांदाच शिवराळ झाला असेल, तर मेंदूची तपासणी हवी. काही प्रकारच्या स्मृतिभ्रंशाची सुरुवात अशी होते. हे वगळलं की पुढचं काम मानसोपचारतज्ज्ञाचं. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने विमा कंपन्यांना मानसिक आजारासाठीही शारीरिक आजारांसारखाच विमा देणं बंधनकारक केलं आहे, तेही विचारून घ्या.

हे शब्द मात्र कधीच ‘असंच बोलतो’ म्हणून सोडू नका

“मी मरून जाईन”, “तुम्ही सगळे सुटाल एकदाचे”, “सगळ्यांना घेऊन जाईन”. घरात रोज आरडाओरडा होत असला की हे शब्दही त्या गोंधळात विरतात. “तो नेहमीच म्हणतो असं.” मूडच्या आजारात आत्महत्येचा धोका खरा असतो, आणि रागाच्या भरात बोललेलं खोटंच असतं असं नाही. शांतपणे, सरळ विचारा, “मरायचा विचार येतो का? काही ठरवलंयस का?” विचारल्याने तो विचार डोक्यात शिरत नाही. उलट बोलायला वाट मिळते. त्या माणसाला एकटं सोडू नका, गोळ्यांचा साठा आणि कीटकनाशकं कुलपात ठेवा, त्याच दिवशी डॉक्टर गाठा. टेलिमानस या सरकारी हेल्पलाइनचा क्रमांक १४४१६ आहे. ती चोवीस तास चालते, मोफत आहे आणि मराठीत बोलता येतं. कोणाच्या जिवाला तात्काळ धोका असेल तर ११२ वर फोन करा.

तेव्हा पुढच्या वेळी घरातल्या कोणाबद्दल “स्वभावाला औषध नाही” म्हणावंसं वाटलं, तर आधी तीन गोष्टी विचारा: हे कधीपासून आहे, मध्ये बरं होतं का, आणि झोप कशी आहे. उत्तरं लिहून घ्या आणि ती घेऊन दवाखान्यात या. पेशंटलाही बरोबर आणा, आणि जे सांगायचं ते उठता उठता नको, बसल्याबरोबर सांगा.